फिले लेस: जुन्या नमुन्यातला दोरा मिळत नसेल तर नंबर शोधू नका, दोरा तोला

फिले म्हणजे गाठींच्या जाळीत सुईने नक्षी भरून केलेली लेस. तिच्या जुन्या नमुन्यावर दोऱ्याचं नाव आणि नंबर छापलेला असतो. तो दोरा आता बाजारात नसतो. मग त्याच नंबरचा दुसऱ्या कंपनीचा दोरा आणला जातो आणि काम बिघडतं: गाठी सरकतात, जाळीची चौकोनी घरं तिरकी होतात, भरलेली फुलं फुगतात नाहीतर विरळ दिसतात. फिले शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीचं इथे अडतं, आणि बरेचदा ती आपल्याच हाताला दोष देऊन काम बाजूला ठेवते. माझीही दोन वर्षं यात गेली. त्यात जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

आधी एक खुलासा. क्रोशाच्या सुईने खांब आणि रिकामी घरं विणतात त्या 'फिले क्रोशा'बद्दल हे नाही. मूळ फिलेत आधी गाठी मारून जाळी बांधायची, ती चौकटीवर ताणायची आणि मग सुई-दोऱ्याने तिच्यात नक्षी भरायची. इटलीत गाठींच्या या जाळीला मोदानो म्हणतात. सार्डिनियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, तेमो नदीकाठी बोसा नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, तिथली फिले प्रसिद्ध आहे. लेसची ही गाठ आणि मासेमारीच्या जाळ्याची गाठ एकच. आपल्या कोळीवाड्यात हाताने जाळी विणणारी आणि दुरुस्त करणारी माणसं हीच गाठ मारतात, मागावरचं सूत तुटलं की विणकर मारतात तीही रचनेने हीच. माझी गाठ सुधारली ती कोळीवाड्यातल्या एका काकांचे हात बघून. पुस्तकातल्या चित्रांनी ते जमलं नव्हतं.

आधी दोष कोणाचा ते ठरवा

गाठ सरकते म्हणून दोरा बदलण्याआधी हातभर पतंगाची सद्दी घ्या. मांजा नको, काच न लावलेला साधा सुती दोरा. त्याच काडीवर (जिच्याभोवती दोरा घेऊन घराचं माप ठरतं ती), जाळी बांधायच्या त्याच सुईने पाच-सहा घरं बांधा. आता एका घराच्या दोन बाजू धरून विरुद्ध दिशांना ओढा. सद्दीची गाठ जागच्या जागी राहिली आणि तुमच्या दोऱ्याची सरकली, तर दोष दोऱ्याचा. सद्दीचीही सरकली, तर गाठच चुकते आहे. तेव्हा फास आधीच्या घराच्या टोकाला न बसता खाली घसरलेला असतो आणि त्या घराच्या एकाच बाजूभोवती आवळला जातो. ती मग गाठ न राहता सरकता फास होते. ओढून घट्ट करण्याआधी घराचं टोक काडीच्या काठावर अंगठ्याने दाबून धरा आणि गाठ पूर्ण बसेपर्यंत अंगठा उचलू नका. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

हे करूनही गाठ सरकत असेल तर पुढे वाचा.

एकच ६० नंबर, चार जाडी

दोऱ्याचा नंबर म्हणजे जाडी, हा समज सगळ्यात जास्त नडतो. सुती धाग्याचा इंग्रजी काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. लिननची मोजणी ३०० यार्डांच्या लडीवर चालते. शिवणाच्या रिळावरचा तिकीट नंबर तिसऱ्याच सूत्राने निघतो. क्रोशाच्या गुंडीवरचा नंबर तर प्रत्येक कंपनीचा आपापला.

ही सगळी मापं एका भाषेत आणण्यासाठी टेक्स वापरा. टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं वजन, ग्रॅममध्ये. आता ६० हा आकडा घेऊन बघा. सुती ६०/२ (६० काउंटचे दोन पदर) म्हणजे साधारण २० टेक्स. लिनन ६०/२ म्हणजे साधारण ५५ टेक्स. तिकीट ६० चा पॉलिएस्टर शिवणदोरा साधारण ५० टेक्स. क्रोशाचा ६० नंबर हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही. नमुन्यात लिननचा ६० अभिप्रेत असताना तुम्ही सुती ६०/२ आणला, तर जवळजवळ तिपटीने हलका दोरा घरी येतो. मग जाळी कोळ्याच्या जाळ्यासारखी विरळ दिसली तर त्यात हाताची काहीच चूक नाही.

शिवाय आपल्याकडच्या गिरण्या हाच आकडा उलटा लिहितात. युरोपात ६०/२, तर इचलकरंजी-मालेगावच्या सूत बाजारात २/६०. अर्थ तोच: ६० काउंटचे दोन पदर. आणि काही लिनन विकणारे मेट्रिक काउंट वापरतात, त्यात ३५/२ म्हणजे ५७ टेक्स, तर जुन्या लिनन मोजणीत ३५/२ म्हणजे ९५. लेबलवर कोणती पद्धत ते लिहिलेलं असतंच असं नाही.

म्हणून दोरा तोला. दागिने तोलायचा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा बऱ्यापैकी स्वस्त मिळतो. पुठ्ठ्याच्या बांधणीचं, ५० सेंटिमीटर घेराचं एखादं पुस्तक घ्या, दोरा न ताणता २० वेढे द्या, म्हणजे १० मीटर झाले. तो कापून तोला आणि ग्रॅमला १०० ने गुणा. ०.५२ ग्रॅम भरला तर ५२ टेक्स. लेबलवर वजन आणि लांबी दोन्ही असतील तर कापायचीही गरज नाही, ग्रॅमला मीटरने भागा आणि १००० ने गुणा.

या हिशोबाने माझ्या डब्यातल्या दोऱ्यांच्या जोड्या लागल्या. डीएमसी या फ्रेंच कंपनीचा क्रोशाचा दोरा सेबेलिया ३० हा ५० ग्रॅमला ५१५ मीटर, म्हणजे ९७ टेक्स. लिनन ३५/२, जुन्या मोजणीतलं, साधारण ९५ टेक्स. नावं, नंबर, देश सगळं वेगळं, पण जाळीसाठी हे एकमेकांच्या जागी चालतात. डीएमसीचाच लेसचा दोरा स्पेशल दांतेल ८० हा ५ ग्रॅमला ९७ मीटर, म्हणजे ५२ टेक्स, आणि त्याच्या शेजारी लिनन ६०/२ बसतं. एम्ब्रॉयडरीचा पर्ल ८ हा १० ग्रॅमला ८० मीटर, म्हणजे १२५ टेक्स. पर्ल १२ हा १० ग्रॅमला १२० मीटर, म्हणजे ८३. पर्ल ८ ला 'बारीक' समजून मी जी पहिली जाळी बांधली ती इतकी जाडजूड का झाली, हे मला हा भागाकार केल्यावर कळलं.

जुन्या लेसमधला दोरा जुळवायचा असेल तर तोलायला दहा मीटर कुठून आणणार? तिथे बोटांवर विश्वास ठेवा. जुना आणि नवा दोरा मधोमध दुमडून एकमेकांत अडकवा, साखळीच्या दोन कड्यांसारखे, आणि दोन्ही बाजूंना पीळ द्या. आता सांध्यावरून नख फिरवा. पायरी लागली तर जाडी वेगळी, नख सरळ गेलं तर जाडी जुळली. भिंगातून जे दिसत नाही ते नखाला कळतं.

टेक्स जुळला तरी सगळं जुळलं असं होत नाही. पॉलिएस्टर आणि नायलॉन सुतापेक्षा हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनात जास्त जागा व्यापतात. सैल पिळाचा सुती दोराही फुगतो. म्हणून तोलल्यावर पट्टीवर १ सेंटिमीटरमध्ये शेजारी शेजारी किती वेढे बसतात तेही मोजा.

चकाकी आणि सरकणारी गाठ

जुन्या पुस्तकांच्या सूचना आजच्या दोऱ्याला का लागू पडत नाहीत, याचं मोठं कारण चकाकी आहे. तेरेझ द दिल्मों यांचा हस्तकलेचा प्रसिद्ध कोश १८८६ सालचा. त्यात फिलेवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि दोरे डीएमसीचे सुचवलेले आहेत: फिल आ दांतेल (लेसचा दोरा), कॉर्डोने ६ फिल (सहा पदरी दोरा) वगैरे. पुढच्या कितीतरी नमुन्यांत हीच नावं फिरत राहिली. जॉन मर्सर यांनी कॉस्टिक सोड्याने सूत बळकट करण्याचं पेटंट १८५० मध्ये घेतलं होतं, पण त्यात सूत आक्रसायचं आणि चमक येत नसे. सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली की रेशमासारखी चकाकी येते, हे होरेस लो यांनी १८९० च्या सुमारास दाखवलं. म्हणजे १८८६ मध्ये ज्या दोऱ्यावर गाठी मारायला सांगितलं होतं, तो आजच्यासारखा चकचकीत मर्सराइज्ड दोरा नव्हताच. मॅट सुताचे बारीक तंतू गाठीत एकमेकांना धरतात, गुळगुळीत दोऱ्यात ती पकड कमी असते. पुस्तकही बरोबर आहे आणि तुमचा हातही, मधे दोरा बदलला आहे.

यावर उपाय काय? मर्सराइज्ड दोराच वापरायचा असेल तर जाळी बांधण्याआधी लड पातळ खळीत बुडवून, पिळून, ताणून वाळवा. खळ इतकी पातळ हवी की बोटाला चिकटपणा जाणवू नये. प्रत्येक गाठ एकदा खाली आणि एकदा बाजूला ओढून बसवा. जाळी पूर्ण झाल्यावर चौकटीवर ताणून पाण्याचा फवारा मारा आणि रात्रभर तशीच राहू द्या. ओलाव्याने गाठी आवळतात. मेण मात्र लावू नका. अनेक जणी शिवणाच्या सवयीने लावतात, पण मेण धूळ धरतं.

जाळीचा दोरा वेगळा, भरणीचा वेगळा

एकच दोरा शोधत बसलं की पर्याय सापडत नाही, कारण इथे कामं दोन आहेत. जाळीच्या दोऱ्याला ताण सोसायचा आहे, गाठ धरायची आहे आणि घर चौकोनी ठेवायचं आहे. त्यासाठी तो गोल, कडक पिळाचा, न ताणला जाणारा हवा. कॉर्डोने ६ फिल म्हणजे नेमकं तेच: दोन-दोन पदरांचे तीन धागे पुन्हा उलट पिळाने एकत्र वळलेले. दुकानातल्या दोऱ्याचं टोक सुईने उलगडा आणि पदर मोजा. सहा निघाले तर उत्तम. तीन निघाले आणि पीळ घट्ट असला तरी चालेल. दोनच निघाले आणि टोक लगेच पिसारलं, तर तो जाळीसाठी घेऊ नका. पर्ल दोरे याच कारणाने जाळीत नापास होतात. ते दोपदरी आणि सैल पिळाचे, सुईतून आणि गाठींतून जाता जाता त्यांना लव सुटते.

तोच पर्ल दोरा भरणीत सुंदर दिसतो. कापडी टाक्यात प्रत्येक घरातून दोन उभे आणि दोन आडवे धागे जातात, ते मऊ असले की एकमेकांना चिकटून कापडासारखे बसतात. पानं-पाकळ्या भरायचा टाका तर सरळ रफूच आहे. जुन्या नमुन्यांत 'कोतों आ रप्रिझे' असं लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थच रफूचा सुती दोरा. त्याच्या जागी आपली नेहमीची सहा पदरी एम्ब्रॉयडरीची लडी घ्या, हवे तेवढे पदर सोडवून. हा पर्याय मला सगळ्यात आवडतो, कारण घर भरेपर्यंत एकेक पदर वाढवता येतो आणि जाडीचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. दोरा मात्र हातभरच कापा. लांब दोरा गाठींवर घासून शेवटी केसाळ होतो.

सहा पदरी दोरा घरी वळता येतो

योग्य जाडीचा सहा पदरी दोरा मिळेना, तेव्हा मी टकळीकडे वळले. सूतकताईची टकळी आमच्या घरात माळ्यावर पडून होती. हिशोब सोपा आहे. २/४० सूत म्हणजे साधारण ३० टेक्स. त्याचे तीन धागे एकत्र वळले की ९० च्या आसपास, म्हणजे लिनन ३५/२ आणि सेबेलिया ३० च्या घरात. २/६० चे तीन धागे वळले की ६० च्या आसपास, म्हणजे स्पेशल दांतेल ८० पेक्षा थोडा जाड.

वळताना दिशा महत्त्वाची. विकतचं दोपदरी सूत उभं धरून भिंगातून बघा. तिरप्या रेषा इंग्रजी एस अक्षराच्या मधल्या भागासारख्या दिसतात की झेडच्या? तुमचा पीळ त्याच्या उलट द्यायचा. त्याच दिशेने दिला तर दोरा गुंतागुंतीचा होतो आणि सैल सोडला की वेटोळी घालतो. तिन्ही धागे सारख्या ताणाने टकळीवर जाऊ द्या. मी तीन रिळं खोक्यात ठेवते आणि धागे एका बटणाच्या तीन भोकांतून काढते, म्हणजे ते एकमेकांत अडकत नाहीत. वळून झाल्यावर लड कोमट पाण्यात भिजवून, खाली पाण्याची भरलेली बाटली टांगून वाळवा. पीळ बसतो.

सुताचा कोन (शंकूसारखं मोठं रीळ) घेताना 'गॅस्ड' सूत मागा. त्यावरची लव ज्योतीवरून जाळून काढलेली असते, त्यामुळे जाळी स्वच्छ दिसते. एक किलोच्या कोनात आयुष्यभर पुरेल इतका दोरा होतो, तेव्हा दोघी-तिघींत वाटून घ्या.

लिनन, आणि आपली हवा

जुनी फिले बहुतेक लिननची, आणि लिननची गाठ एकदा बसली की हलत नाही. जमलं तर तेच वापरा. युरोपातून मागवावं लागतं, स्वीडिश लेस लिनन १६/२ पासून १००/२ पर्यंत अनेक जाड्यांत बनतं. तक्रार एकच येते: दोरा मधेच तुटतो. लिनन ओलं असताना अधिक बळकट असतं आणि कोरडं झालं की ठिसूळ. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ते लोण्यासारखं चालतं. विदर्भातल्या मे महिन्यात, कुलर नसलेल्या खोलीत, ते दर दहाव्या गाठीला दगा देतं. शेजारी ओला स्पंज ठेवा आणि सुईवर गुंडाळलेला दोरा त्यावर टेकवत चला. मधेच येणारी जाड गाठोडी आधीच काढून टाका, ती जाळीत जिथे येतील तिथे घर वाकडं होईल.

पॉलिएस्टर आणि नायलॉनबद्दल थोडक्यात. स्वस्त, बळकट, सगळीकडे मिळणारे, सरावाला ठीक. पण चौकटीवर ताणताना ते लांबतात आणि उतरवल्यावर मागे येतात, मग सुती भरणी सुरकुतते. कडक गरम इस्त्रीही त्यांना सोसत नाही, आणि फिलेला खळ घालून इस्त्री लागतेच. टिकाऊ कामासाठी मी ते वापरत नाही.

दोरा बदलला की घरही बदलतं

मापाच्या काडीभोवती एक वेढा म्हणजे घराच्या दोन बाजू. ३ मिलिमीटरच्या विणकामाच्या सुईचा घेर साधारण ९.४, म्हणून बाजू ४.७ मिलिमीटर. हे झालं गणित. प्रत्यक्षात दोऱ्याची जाडी आणि गाठीत जाणारा भाग यांनी ते हलतं. दर घराला ०.३ मिलिमीटरचा फरक पडला तर ६० घरांच्या नमुन्यात १८ मिलिमीटर होतात, आणि चौकट आधीच करून घेतली असेल तर मोठीच पंचाईत. आधी १० बाय १० घरांचा तुकडा बांधा, अर्धा भरा, धुवा, ताणून वाळवा, मगच मोजा. धुण्याआधीचं माप धरू नका, कारण मर्सराइज्ड नसलेलं सूत पहिल्या धुण्यात आक्रसतं. घर मोठं आलं तर काडी एक माप बारीक घ्या. त्यासाठी दोरा बदलू नका.

जुन्या लेसची दुरुस्ती

इथे रंगही जुळवावा लागतो. आजच्या पांढऱ्या दोऱ्यात बहुधा चकाकणारं रसायन असतं, नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली तो लखलखतो आणि जुनी लेस मंद राहते. न ब्लीच केलेला दोरा निवडा. चहात बुडवून जुना रंग आणायचा मोह टाळा, चहातलं टॅनिन आम्लधर्मी असतं आणि सूत कालांतराने कमकुवत करतं. नवा दोरा जुन्यापेक्षा किंचित बारीक घ्या, म्हणजे ताण आला तर तुमची दुरुस्ती तुटेल आणि मूळ जाळी वाचेल. माझ्याकडे आलेल्या एका लिननच्या पट्टीत नखाने बघता दोरा ६०/२ च्या जवळचा वाटला. मी ८०/२ वापरला, अकरा घरं नव्याने बांधली, आणि कोणती अकरा ते कागदावर लिहून पट्टीसोबतच गुंडाळून ठेवलं.